सीटी की एमआरआय? आधी लेकराचं डोकं वरून बघा

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा पाच महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या डोक्याची मागची उजवी बाजू चपटी दिसायला लागली. उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे आल्यासारखा वाटतो. बाळ हसतं, नजर लावतं, दूध नीट पितं, पण झोपताना मान कायम उजवीकडेच. तालुक्याच्या डॉक्टरांना शंका आली की कवटीची एखादी शिवण वेळेआधी जुळली असेल. थ्रीडी सीटी करून खात्री करू, असं ते म्हणाले. पुण्याला कंपनीत असलेला भाऊ म्हणतो, सीटीचे किरण लेकराच्या मेंदूला घातक, आता एमआरआयमध्येही हाडं दिसतात, तोच करा. जिल्ह्याच्या गावी एका एमआरआय सेंटरवर विचारलं तर ‘एमआरआयमध्ये हाड दिसत नसतं’ असं सांगून परत पाठवलं. सासूबाईंच्या मते न्हाऊ घालणाऱ्या बाईनं डोकं नीट चोळलं नाही म्हणून हे झालं, आता मोहरीची उशी द्यावी. नवरा सोयाबीनचे पैसे घेऊन पुण्याला निघायच्या तयारीत आहे. आईनं तीन प्रश्न विचारलेत: खरं कोण बोलतंय, कोणती तपासणी करू, आणि माझं काही चुकलं का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात टोचत असला की बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईचंही नाही. डोकं चोळून गोल होत नाही आणि चोळलं नाही म्हणून चपटंही होत नाही. जन्मताना कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, मधल्या शिवणी मोकळ्या असतात. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्यानं वाढतो, त्याला जागा लागते, म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. हाड मऊ असतं, त्यामुळे लेकरू ज्या बाजूवर तासन्‌तास पडून राहतं ती बाजू दबते, एवढं साधं गणित त्यामागे बऱ्याचदा असतं. सासूबाईंना टाळूवर तेल लावायचं असेल तर हलक्या हातानं लावू द्या, त्यावरून घरात वाद नको. दाबून चोळणं नको. मोहरीची उशी मात्र ठामपणे नको म्हणा. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी देऊ नये. मान वळली आणि नाक उशीत गेलं तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही.

आता भाऊ आणि सेंटरवाले. गंमत अशी, की एमआरआयमध्ये हाड दिसतं की नाही याबाबत दोघंही खरं बोलताहेत.

एमआरआयचं यंत्र किरण सोडत नाही. एका बलवान चुंबकात माणसाला ठेवून, शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत जो हायड्रोजन असतो त्याला रेडिओलहरींनी डिवचायचं आणि परत येणारा संदेश टिपायचा, असं त्याचं काम. हाडाच्या कठीण भागात पाणी मुळात थोडं, आणि जे असतं तेही घट्ट धरून ठेवलेलं. त्याचा संदेश एका मिलिसेकंदाच्या आतच विरतो. देवळातली घंटा वाजवली की नाद रेंगाळतो, लाकडी खांबावर थाप मारली की आवाज तिथंच संपतो, तसा हा फरक. नेहमीचा एमआरआय कान लावतो तोवर मेंदू, स्नायू, चरबी बोलत असतात आणि हाड गप्प झालेलं असतं. म्हणून चित्रात ते काळं येतं. सेंटरवाल्यांनी ‘दिसत नाही’ म्हटलं ते या अर्थानं, आणि रोजच्या कामात पाठीचे मणके नि गुडघे तपासणाऱ्या माणसाचं ते म्हणणं चुकीचं नाही.

पण काळं असलं म्हणजे दिसतच नाही, असं थोडंच आहे! इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या कॅरेन एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हाच धागा पकडून एक पद्धत मांडली. तिला ‘ब्लॅक बोन’ एमआरआय म्हणतात. हाडाकडून संदेश मिळवायच्या मागे त्या लागल्याच नाहीत. हायड्रोजनला अगदी हलकासा, साधारण पाच अंशांचा, धक्का देऊन त्यांनी बाकीच्या मऊ भागांतला आपापसातला फरक पुसट केला. मेंदू, स्नायू, कातडी सगळं जवळपास एकसारखं करडं, आणि त्यात हाड तेवढं काळंकुट्ट उठून येतं. शिवण मोकळी असेल तर दोन काळ्या हाडांच्या मधे उजळ रेघ दिसते. जुळली असेल तर रेघ नाही. पुढे संगणकावर काळ्याचं पांढरं करून अख्खी कवटी फिरवून बघता येते. दुसऱ्या काही पद्धतींत यंत्र इतक्या लवकर ऐकायला लागतं की हाडाचा तो क्षणभराचा संदेशही हाती लागतो. अशी सोय आता नव्या यंत्रांवर मिळते. ब्लॅक बोनला तर वेगळं यंत्रही लागत नाही, आहे त्याच यंत्रावर मोजमापं बदलून ती काही मिनिटांत होते. यातल्या कशालाही शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून टोचतात ते औषध, द्यावं लागत नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही. एक तर हवाही एमआरआयमध्ये काळीच दिसते. कानामागचं पोकळ हाड, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्या, इथं हाड कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली हे ओळखणं अवघड जातं. लहान बाळाच्या कवटीच्या वरच्या भागात ही अडचण कमी, पण तिथं हाडच पातळ असतं. काळ्या चित्रातून त्रिमिती कवटी कोरून काढणं हे सीटीइतकं बटण दाबून होणारं काम नाही, त्याला सवय झालेला तंत्रज्ञ आणि वाचायची सवय झालेला रेडिओलॉजिस्ट लागतो. ज्यानं ही चित्रं कधी वाचलेली नाहीत त्याच्याकडून आग्रहानं करून घेतलेला एमआरआय पुढच्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला की बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: ‘सीटी करून आणा.’ म्हणजे पैसे दोनदा, आणि किरण टळले ते नाहीतच.

भावाच्या बोलण्यात एक गृहीतक दडलंय, त्याकडे जरा बघू. किरण नाहीत म्हणजे धोका नाही, असं तो धरून चालला आहे. पाच महिन्यांचं लेकरू त्या नळीत, त्या ठकठक आवाजात, मिनिटांमागून मिनिटं अगदी निश्चल पडून राहणार कसं? दीड-दोन महिन्यांच्या तान्ह्याला पोटभर पाजून, दुपट्यात गच्च गुंडाळून झोपेतच एमआरआय करून घेता येतो आणि मोठ्या रुग्णालयांत तसं करतातही. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे चाललाय. त्याला बहुधा औषध देऊन झोपवावं लागेल. त्याआधी काही तास दूध बंद, सोबत भूलतज्ज्ञ, चुंबकाजवळ चालतील अशी देखरेखीची उपकरणं, आणि काही बिनसलं तर लहान मुलांना सांभाळणारा विभाग त्याच इमारतीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल देण्याबाबत सावध केलं होतं. एकदाच, थोड्या वेळाची भूल ही त्यातली गोष्ट नाही, तिची धास्ती घेऊ नका. पण ती शून्य किमतीची आहे असंही समजू नका. वरच्या सोयी नसलेल्या सेंटरवर लेकराला झोपेचं औषध देऊन एमआरआय करायला मी माझ्या ओळखीच्या कुणालाही पाठवणार नाही.

आणि सीटी? त्याचे किरण खरे आहेत, पण भावानं रंगवलंय तेवढं ते विष नाही. लहान मुलाच्या डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणं लागतात. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षभरात आपसूक मिळतात त्यांची जागतिक सरासरी २.४ आहे. ब्रिटनमध्ये सीटी झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचा सीटी केला तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा निघेल, असा त्यांचा अंदाज होता. एका लेकराच्या दृष्टीनं हा धोका फार लहान, पण नाहीच असं नाही. म्हणून नियम सोपा आहे: गरज असेल तर बिनधास्त करा, गरज नसेल तर एकदाही नको. करायचाच झाला तर सेंटरला ‘लहान मुलांचा, फक्त हाडासाठीचा कमी डोस’ असं स्पष्ट सांगा. हाड आणि मऊ भाग यांच्यात सीटीला इतका फरक दिसतो की शिवणी बघायला डोस बराच खाली आणता येतो. सीटी काही सेकंदांत उरकतो, त्यामुळे पुष्कळदा झोपवायचीही गरज पडत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात सीटी की एमआरआय यावर दोन पक्ष पडलेत, पण कोणतं तरी यंत्र लागणारच, हे दोन्ही पक्षांनी धरून ठेवलंय. मला ते पटत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट ओघात येऊन गेली आहे: मान कायम उजवीकडेच. चपटी बाजूही उजवीच. कान पुढे आलेला, तोही उजवा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की दबून चपटं झालेलं डोकं हीच शक्यता सर्वांत मोठी ठरते. पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये, पण कुठं बघायचं ते मी सांगू शकते.

लेकराला मांडीवर बसवा, केस ओले करून चापून बसवा, आणि उभं राहून बरोबर वरून त्याच्या डोक्याचा फोटो घ्या. नाक वरच्या दिशेला येऊ द्या. दाबानं चपटं झालेलं डोकं वरून तिरपं सरकल्यासारखं दिसतं: मागची उजवी बाजू सपाट, उजवा कान पुढे, उजवीकडचं कपाळही किंचित पुढे. मागची शिवण खरोखर जुळलेली असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे आणि खाली ओढलेला असतो आणि कानामागे टेंगूळ हाताला लागतं. असं क्वचितच होतं. हा फोटो डॉक्टरांना दाखवा. बोटांनी शिवणींवरून हात फिरवून कुठं कडक उंचवटा आहे का, टाळू कशी आहे, डोक्याचा घेर किती आणि तो वाढतोय का, हे त्यांनी तपासायचं. अनुभवी बालरोगतज्ज्ञाला किंवा न्यूरोसर्जनला बहुतेक लेकरांत एवढ्यावर उत्तर मिळतं. तालुक्याच्या डॉक्टरांवर रागावू नका, त्यांनी शंका घेतली हे बरंच केलं. त्यांना एवढंच विचारा: ‘डॉक्टरसाहेब, सीटीत शिवणी मोकळ्या निघाल्या तर आपण काय करणार, आणि बंद निघाली तर काय?’ दोन्हींचं उत्तर सध्या ‘बाजू बदलून झोपवा आणि बघू’ असंच आलं, तर सीटी थांबू शकतो.

तरीही शंका उरली तर मधला एक रस्ता आहे, तो कुणीच तुम्हाला सुचवला नाही: शिवणींची सोनोग्राफी. किरण नाहीत, भूल नाही, आईच्या मांडीवरच होते, आणि खर्च सीटी-एमआरआयच्या मानानं थोडका. थायरॉइडसारखे वरवरचे अवयव बघायचा जो प्रोब असतो तो शिवणीवर ठेवला की मोकळी शिवण दोन हाडांमधली फट म्हणून दिसते. वर्षाच्या आतच ती चांगली जमते, तुमचा मुलगा अगदी योग्य वयात आहे. लहान मुलांचं काम करणारा रेडिओलॉजिस्ट मात्र हवा. त्यासाठी थेट पुण्याला जायचं कारण नाही. आधी नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे शासकीय रुग्णालय इथं बालरोग विभागात दाखवा. लातूर, धाराशिवकडच्या वाचकांना लातूरचं, बीडकडच्यांना अंबाजोगाईचं शासकीय महाविद्यालय जवळ पडेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन लहान मुलं तपासतात. अंगणवाडीताईंकडून त्यांची चिठ्ठी घेतली तर मोठ्या दवाखान्यात दार लवकर उघडतं. पुढे खर्चाचं काही निघालंच, तर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

दरम्यान घरी करायचं ते आजपासून करा. झोपवायचं पाठीवरच, ते बदलू नका. बाळ अचानक दगावण्याचा धोका त्यानं कमी होतो. फक्त तोंडाची बाजू बदला. उजेड, खिडकी, तुमचा आवाज आता डावीकडून येईल असं अंथरूण फिरवा. झोळीत लेकराचं डोकं एकाच घडीत रुतून बसतं, म्हणून तिचा वेळ कमी करून सपाट अंथरुणावर वेळ वाढवा. जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून अनेकदा पालथं घाला. सासूबाईंना हे काम आवडेल, मालिशीच्या वेळीच ते होतं. आणि मान बघा: खेळणं डावीकडे नेलं की हनुवटी डाव्या खांद्यापर्यंत सहज जाते का? अडत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तसं असेल तर डोकं चपटं होण्याचं मूळ तिथं आहे, आणि इलाज फिजिओथेरपिस्टकडे. दीड-दोन महिन्यांनी तसाच वरून फोटो घेऊन ताडून बघा. मधे कुणी महागडं हेल्मेट विकायला लागलं तर घाई करू नका. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या चाचणीत (२०१४) दबून चपट्या झालेल्या डोक्यांसाठी हेल्मेट घातलेली आणि न घातलेली बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या डोक्याच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

हे सगळं तुमच्या पत्रातल्या लेकराबद्दल. ज्यांच्या बाळाचं डोकं लांबट-अरुंद आहे आणि मधोमध पुढून मागे कडक धार हाताला लागते, किंवा कपाळ मधे टोकदार होऊन त्रिकोणी दिसतंय, त्यांनी माझं ‘थांबा आणि बघा’ स्वतःला लावून घेऊ नये. साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाची शिवण खरोखर वेळेआधी जुळते आणि लांबट डोकं हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तिथं वय महत्त्वाचं. दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत चांगली जमते, मोठी शस्त्रक्रिया साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान करतात. अशांनी तपासणी स्वतः ठरवायची नाही. ज्यांच्या हातून शस्त्रक्रिया होणार त्या सर्जनला आधी गाठायचं आणि त्यांना कोणतं चित्र लागतं ते विचारायचं. अनेकजण अजून सीटीच मागतील, आणि तिथं तो योग्यच आहे. त्यांच्या रुग्णालयात ब्लॅक बोन रोज होत असेल तर मात्र आनंदानं करा, विशेषतः लेकराची पुढे पुन्हा पुन्हा चित्रं लागणार असतील तर. मेंदूची रचना बघायला एमआरआय होणारच असेल, तर त्याच भुलीत हाडाची ही चार-पाच मिनिटं जोडता येतील का, हा प्रश्न जरूर विचारा. टाळू फुगलेली, वारंवार उलट्या, डोळे सतत खाली वळलेले, डोक्याचा घेर अचानक वाढणं किंवा वाढायचा थांबणं, यांपैकी काहीही असेल तर सर्जनच्या तारखेची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी लेकराच्या अंगावरचं सगळं घरीच उतरवून ठेवा: वाळे, कडदोरा, कानातलं, गळ्यातला ताईत, दुपट्याची पिन. ताईत काढायला आजीचा जीव वर-खाली होतो, पण आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं आणि चुंबक लोखंड ओढल्याशिवाय राहत नाही. काजळ पुसून न्या. आत जाणाऱ्या आईनंही जोडवी, मंगळसूत्र, केसांतल्या पिना बाहेर ठेवायच्या.

आणखी एक, कारण भावासारखा विचार करणारे आईबाप हल्ली बरेच भेटतात. लेकरू ओसरीवरून किंवा मोटारसायकलवरून डोक्यावर पडलं, बेशुद्ध झालं, उलट्या करतंय, गुंगीत आहे, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येतंय, तर तिथं किरणांचा हिशेब करत बसू नका आणि हाड दाखवणारा एमआरआय शोधत शहर पालथं घालू नका. जवळ जिथं सीटी आहे तिथं न्या आणि डॉक्टर सांगतील तर लगेच करू द्या. मेंदूतला ताजा रक्तस्राव आणि हाडाची चीर एकाच वेळी, काही सेकंदांत दाखवायचं काम त्या घडीला सीटीच चोख करतो.